बोटांचा ठेका

‘आपण सुचेता तांबवेकर नाही. कृपया जागा सोडा.’

पडद्यावर ही ओळ तिसऱ्यांदा उमटली, तेव्हा सुचेताताईंनी चष्मा काढून ॲप्रनच्या टोकानं पुसला. मग आपली बोटं पुसली. काही उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतंच, पण माणूस काहीतरी करून बघतो.

खिडकीपलीकडे एक जण मागणीची चिठ्ठी धरून उभा होता. त्याची बायको वरच्या मजल्यावर प्रसूतिकक्षात होती. रक्ताची जुळणी झाली होती, पिशवी समोरच्या फ्रीजमध्ये तयार होती, पण यंत्रात नोंद झाल्याशिवाय फ्रीजचं कुलूप उघडत नव्हतं. शेवटी रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर हिरवे आपल्या खोलीतून आले. त्यांनी स्वतःच्या अधिकारात नोंद केली, पिशवी बाहेर काढली आणि जाता जाता म्हणाले, “तांबवेकर मॅडम, तुम्ही नाही तर मग तुमचा पगार कोण घेतं, ते तरी विचारा त्याला.”

सुचेताताई हसल्या. साहेबांच्या विनोदाला हसायची त्यांना सवय होती.

‘स्वहस्त’ नावाची ही प्रणाली जिल्हा रक्तपेढीत येऊन फार दिवस झाले नव्हते. पासवर्डांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. लांबलचक ठेवले तर लोक विसरत, आखूड ठेवले तर चोर ओळखत, आणि कसेही ठेवले तरी माणसं ते एकमेकांना सांगत. नव्या यंत्रानं त्यावर साधा उपाय काढला होता. माणूस टंकतो तेव्हा प्रत्येक कळ क्षणाचा काही अंश दाबलेली राहते, आणि एका कळीवरून दुसरीकडे जायला बोटाला आणखी काही अंश लागतात. हे अंश प्रत्येकाचे वेगळे असतात. करंगळी किती लांब आहे, मेंदूकडून बोटाकडे संदेश किती वेगानं धावतो, लहानपणी कुणी कसं शिकवलं, मान दुखते की नाही, अशा कितीतरी गोष्टी त्यात उतरतात. सगळं मिळून एक ठेका तयार होतो. काम चालू असेपर्यंत यंत्र तो ठेका ऐकत राहतं. ठेका बदलला की माणूस बदलला. पासवर्ड सांगता येतो, पण ठेका कुणाला सांगता येत नाही.

आता यंत्राला हा ठेका शिकवायचा कसा? प्रत्येकाला आठवडाभर बसवून टंकायला लावलं असतं तर रक्तपेढीचं काम अडलं असतं. पण जुन्या संगणकांनी गेल्या कित्येक वर्षांची प्रत्येक कळ, तिच्या वेळेसकट, जपून ठेवलेली होती. ज्याच्या नावावर जे टंकलं गेलं त्यावरून त्याचा ठेका शिकायचा, असं ठरलं. सुरुवातीला यंत्र सैल होतं, थोडंफार चुकलं तरी चालवून घ्यायचं. या सोमवारी त्याच्या मर्यादा कडक झाल्या आणि सुचेताताई सुचेताताई राहिल्या नाहीत.

का राहिल्या नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला पहिल्या मिनिटात कळलं होतं. बोललं कुणी नाही.

रक्तपेढीत कंत्राटी तंत्रज्ञांना पासवर्ड मिळत नसे. तसा लेखी नियम कुठं नव्हता, पण रीत पक्की होती. माणसाच्या नावावर पासवर्ड दिला की त्याच्या नावावर काम दिसणार. काम दिसलं की तो उद्या कोर्टात जाऊन म्हणणार, मी इतकी वर्षं इथं राबलोय, मला कायम करा. त्यापेक्षा नावच नको. कंत्राटी माणसांची हजेरी ‘बाह्यस्रोत सेवा’ या सदरात लागायची आणि काम सुचेताताईंच्या नावावर व्हायचं, कारण त्या कायम होत्या, पर्यवेक्षक होत्या आणि कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचा पासवर्ड म्हणजे माहेरचं गाव आणि जन्मसाल. नव्या माणसाला आधी पाण्याचा कूलर दाखवत, मग तो पासवर्ड सांगत. एकदा पुतण्याच्या लग्नात त्या दिवसभर पंगतीत वाढत होत्या आणि त्याच दिवशी रक्तपेढीत त्यांनी चाळीस पिशव्या दिल्या होत्या. ‘आमच्या बाई रजेवर असल्या तरी कामावर असतात,’ असं लोक गमतीनं म्हणत.

माणसं आली, कंत्राट संपून गेली. टिकली एकटी विशाखा लोंढे. अकरा वर्षं. ही मला मदत करते, असं सुचेताताई सगळ्यांना सांगत. दिवाळीला तिला साडी घेत, तिच्या सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ओळखीच्या डॉक्टरांना फोन करत. आपण तिला सांभाळून घेतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे.

कंपनीचा इंजिनिअर बुधवारी आला. ऋत्विज पाठारे त्याचं नाव. तरुण, अतिशय सभ्य, आणि बातमी वाईट असली की जास्तच सभ्य होणारा. डॉक्टर हिरव्यांच्या खोलीत त्यानं पडदा उघडून दाखवला. सुचेताताईंचा म्हणून यंत्रानं शिकलेला ठेका त्यावर निळ्या ठिपक्यांनी काढलेला होता. एका जागी ठिपक्यांचा मोठा ढग होता, दुसरीकडे लहान ढग, आणि आजूबाजूला थोडी धूळ.

“मॅडम, तुमच्यात दोन माणसं आहेत,” तो म्हणाला.

“अंगात येतं त्यांच्या,” डॉक्टर म्हणाले. “अमावास्या-पौर्णिमेला.”

ऋत्विज नुसता ओशाळं हसला आणि पुढं समजावत गेला. धूळ म्हणजे अधूनमधून कुणीकुणी वापर केला असणार, ते सोडून देऊ. पण हे दोन ढग ठळक आहेत. यंत्र दोन्हींची सरासरी काढून त्या मधल्या बिंदूला सुचेता तांबवेकर समजतं, आणि तिथं तर कुणीच नाही. त्यामुळं खरी मॅडम आली तरी त्याला ती परकीच वाटते. उपाय सोपा आहे. लहान ढग गाळायचा. मोठा राहील, तो म्हणजे तुम्ही. गाळलेल्या भागापुढं ‘तांत्रिक दोष’ असं लिहिता येतं. कायद्यात अजून तेवढी फट आहे.

“गाळलेल्याचं काय होतं?” सुचेताताईंनी विचारलं.

“काही नाही. कायमचं पुसलं जातं. नोंदी तुमच्याच नावावर राहतात, फक्त त्या कुणी टंकल्या हे परत कधी शोधता येत नाही.”

डॉक्टर हिरव्यांनी खुर्ची मागं रेलली. ओळख-संरक्षण कायदा नवीन होता. पासवर्ड वाटून घेणं हा आता गुन्हा होता, आणि घेणाऱ्याइतकाच देणारा आणि डोळेझाक करणारा दोषी होता. दोष तांत्रिक निघाला तर ती फारच चांगली गोष्ट होती.

सुचेताताईंना काय गाळलं जातंय ते नीट ठाऊक होतं. विशाखा या इमारतीत कधी होती, याचा जगातला एकमेव पुरावा. ती खाली प्रयोगशाळेत होती. तिला बोलावून विचारावं, असं एकदा मनात आलं. पण कंबर दुखत होती, निवृत्ती जवळ आली होती, आणि साहेब घड्याळाकडे बघत होते. त्या हळूच म्हणाल्या, “गाळा.”

ऋत्विजनं लगेच पुसलं नाही. आधी तात्पुरतं गाळून तपासायचं, मग कायम करायचं, अशी पद्धत होती. लहान ढग फिकट झाला. सुचेताताईंना खुर्चीवर बसवून त्यानं एक परिच्छेद टंकायला दिला. त्यांनी जपून, एकेक कळ नीट दाबत तो टंकला.

‘आपण सुचेता तांबवेकर नाही. कृपया जागा सोडा.’

ऋत्विजनं पुन्हा टंकायला लावलं. मग त्यांच्या आत्ताच्या ठेक्याचे ठिपके पडद्यावर आणले. ते फिकट झालेल्या लहान ढगावर जाऊन बसले, अगदी बरोबर.

ऋत्विजनं आकडे पुन्हा एकदा तपासले. मग ऋत्विज अतिशय सभ्यपणे म्हणाला, “मॅडम, लहान ढग तुम्ही आहात.”

त्या दिवशी घरी जाताना सुचेताताईंना राग येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. यंत्राचा राग येऊन उपयोग नव्हता, त्यानं फक्त मोजलं होतं. त्या मनात हिशेब मांडू लागल्या. सकाळी साहेबांची बैठक, मग रक्तदान शिबिरांचे फोन, मग वरिष्ठांना पाठवायचे तक्ते, मग सह्या. बोटांचे सांधे दुखू लागल्यापासून टंकायचं काम आपोआप विशाखाकडे गेलं होतं. जुळणी ती करायची, नोंद ती करायची, पिशवी ती द्यायची. थॅलेसेमियाची मुलं दर महिन्याला रक्त घ्यायला येत. ती ‘विशाखामावशी’ म्हणून थेट आत शिरत. सुचेताताईंना ती नमस्कार करत. हे सगळं डोळ्यांदेखत घडलं होतं. मदत कोण कुणाला करत होतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हिरव्यांनी मार्ग काढून ठेवला होता. मार्ग काढण्यात ते वाकबगार होते. मोठा ढग गाळावा, तर यंत्र विचारणार, तो कुणाचा? अनोळखी म्हटलं, तर इतकी वर्षं कुणीतरी परका रक्त वाटत होता असा अर्थ होणार आणि पोलीस येणार. नाव घेतलं, तर ती व्यक्ती समोर बसून टंकून दाखवणार आणि सगळे कायद्यात अडकणार. त्यापेक्षा सुचेताताईंनी सांधेदुखीच्या कारणानं मुदतीआधी निवृत्ती घ्यावी. माणूस निवृत्त झाला की त्याची ओळख बंद होते आणि आत कोण होतं ते कुणी उघडून बघत नाही. निवृत्तिवेतन पूर्ण मिळेल. ते पुढं म्हणाले, विशाखाचं कंत्राटही मी चालू ठेवीन, शब्द देतो.

सुचेताताई म्हणाल्या, उद्या सांगते.

दुपारी रक्तदात्यांना चहा-बिस्किटं देतात त्या खोलीत विशाखा एकटीच डबा खात बसली होती. सुचेताताई समोर जाऊन बसल्या. कशी सुरुवात करावी, याची त्यांनी जिना उतरताना तयारी केली होती, ती सगळी विसरली.

“डॉक्टरांनी सांगितलं मला,” विशाखाच म्हणाली. “काल तुम्ही गाळा म्हणालात.”

“हो.”

“म्हणजे मलाच गाळा असं म्हणालात.”

“हो.”

विशाखानं पोळीचा तुकडा मोडला. “बरं झालं मग. यंत्राला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.”

 सुचेताताईंनी साहेबांचा मार्ग तिला सांगितला, दुसरी वाटही सांगितली. नाव घेतलं तर तुझी अकरा वर्षं कागदावर येतील, कायम होण्याचा दावा लावता येईल. पण गुन्हाही तुझ्या नावावर येईल, आणि कंत्राट तर त्याच दिवशी जाईल. माझी चौकशी लागेल, निवृत्तिवेतन अडकेल. त्यांनी दोन्ही बाजू अगदी समतोलपणे सांगितल्या, आणि सांगताना लक्षात आलं, की हिनं नको म्हणावं म्हणून आपण वाट बघतो आहोत.

विशाखानं ऐकून घेतलं. मागं बाकीच्या कंत्राटी लोकांनी दावा लावला होता, तेव्हाचं ती सांगू लागली. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही इथं काम केल्याचं काही दाखवा. कुणाकडे काही नव्हतं. पगार ठेकेदाराचा, हजेरी सेवेची, काम बाईंचं. एकानं ॲप्रन दाखवला, तर समोरचा वकील म्हणाला, असा बाजारात मिळतो. सगळे हसले होते. न्यायाधीशसुद्धा.

“मी बसेन खुर्चीवर,” ती म्हणाली. “गुन्ह्याची भीती मला दाखवू नका. मला पासवर्ड दिला कुणी, हे विचारलं तर उत्तर एवढंच हवं, की बाईंनी सांगितलं म्हणून केलं, आणि साहेबांना माहीत होतं. हे मी सांगून चालणार नाही, तुम्ही सांगायचं. साहेब समोर असताना.” डब्याचं झाकण लावत तिनं वर पाहिलं. “मागं त्या शिबिराच्या वेळी पिशव्या खराब झाल्या, तेव्हा साहेबांनी माझ्यावर ढकललं. तुम्ही शेजारी उभ्या होतात. खरं माहीत होतं तुम्हाला. या वेळी तोंड उघडेल का, तेवढं आधी बघा. मग मला बोलवा.”

ती उठून गेली. सुचेताताई तिथंच बसून राहिल्या. एक कॉलेजचा मुलगा रक्त देऊन आला आणि त्यांना चहा मागू लागला. त्यांनी उठून दिला.

शुक्रवारी ऋत्विज परत आला. डॉक्टर हिरव्यांच्या टेबलावर निवृत्तीचा अर्ज भरून ठेवलेला होता, सही तेवढी बाकी होती. सुचेताताई विशाखाला बरोबर घेऊनच आत आल्या.  त्या उभ्याच राहिल्या, कारण बसलं तर बोलता येणार नाही अशी त्यांना शंका होती.

“मोठा ढग यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “विशाखा लोंढे. पासवर्ड मी दिला. काम यांनी केलं.”

“मॅडम, विचार करून बोला,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “हा मुलगा बाहेरचा आहे. इथलं बोलणं नोंदलं जातं.”

“नोंदू दे. आणि साहेब, तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. कंत्राटी माणसाला पासवर्ड द्यायचा नाही, माझा वापरायचा, हे तुम्ही याच खोलीत मला सांगितलंत.” वाक्य पूर्ण झालं. “तेही नोंदू दे.”

डॉक्टर हिरव्यांनी अर्ज उचलला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मग मोबाइल घेऊन ते बाहेर गेले. व्हरांड्यात ते कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत राहिले.

विशाखा खुर्चीत बसली. तिनं परिच्छेद टंकला, कुठंही न थांबता. ठिपके मोठ्या ढगावर पावसासारखे पडत गेले. ऋत्विजनं यंत्राला तिचं नाव दिलं. मग तो चाचरत म्हणाला, की एक अडचण आहे. एका दमात सगळं विशाखा लोंढे यांच्या नावावर करता येणार नाही. कायद्यानं मूळ खातेदारानं प्रत्येक महिन्याचं काम स्वतः टंकून नाकारलं पाहिजे. म्हणजे तेवढ्या टंकण्यावरून मॅडमचा खरा ठेकाही यंत्र शिकेल. दोन्ही कामं होतील. फक्त वेळ लागेल, आणि बोटं दुखतील.

“दुखू देत,” सुचेताताई म्हणाल्या.

पडद्यावर अकरा वर्षांपूर्वीचा एक महिना आला. त्या महिन्यातल्या नोंदी, दिलेल्या पिशव्या, आणि खाली प्रश्न : ‘हे काम आपण स्वतः केलं का?’

त्यांनी टंकलं, ‘नाही.’

पुढचा महिना आला. ‘नाही.’ त्याच्या पुढचा. काही महिन्यांत थोडं काम त्यांचंही होतं, पण ज्याचा वाटा जास्त त्याचा महिना, असा हिशेब होता. डेंग्यूची साथ आली तो महिना. घाटात बस उलटली तो महिना. त्या वेळी वर्तमानपत्रात सुचेताताईंचा फोटो आला होता, फ्रेम करून घरी बैठकीच्या खोलीत लावलेला. ‘नाही.’ विशाखा शेजारी स्टूल ओढून बसली होती आणि प्रत्येक महिना वाचत होती. प्रत्येक ‘नाही’ टंकलं, की डावीकडे त्यांच्या नावाखालचा आकडा कमी होई आणि उजवीकडे विशाखाचा वाढे. सुरुवातीला सुचेताताईंना तो आकडा बघवत नव्हता. नंतर त्यांनी बघणं सोडून दिलं. इतका थकवा आला होता, की दुःखाला जागा उरली नव्हती. बोटं आपोआप चालत होती. ऋत्विज मधेच म्हणाला, की यंत्र आता त्यांना बरंच ओळखू लागलं आहे.

बाहेर ऊन उतरलं. साहेब परत आलेच नाहीत. शिपायानं येऊन सांगितलं, की सोमवारपासून दोघींनीही यायचं नाही, पत्र नंतर मिळेल. ठीक आहे, म्हणून सुचेताताईंनी पुढचा महिना उघडला. न वाचताच त्यांची बोटं ‘न’ या कळीकडे गेली.

विशाखानं त्यांचं मनगट धरलं.

“हा नाही, ताई,” ती म्हणाली. “तेव्हा मी माझ्या धाकट्याच्या बाळंतपणाला घरी होते. हा आणि पुढचे दोन. बिनपगारी घरी बसवलं होतं मला. तुम्ही एकटीनं ओढलंत सगळं, रविवारीसुद्धा. जेवायला वेळ मिळत नाही म्हणून मला फोन करून रडला होतात.”

सुचेताताईंनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. नोंदी होत्या खऱ्या, पानभर. त्यांना ते पार आठवेनासं झालं होतं.  मग त्यांनी ‘हो’ असं टंकलं. यंत्रानं ते एका झटक्यात स्वीकारलं.

पुढचे दोनही त्यांनी तसेच टंकले, सावकाश. नंतर नवा महिना आला आणि त्यांनी विशाखाकडे पाहिलं.

“हा?”

“हा माझा,” विशाखा म्हणाली आणि तिनं त्यांचं मनगट सोडलं.